शेजारच्या सीटचा ब्रेक

६ फेब्रुवारी

आज हॉस्पिटलात शिकवणी होती. पोट फाडून घेण्याआधीची शिकवणी. तीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आहे, थरथरणारे हात स्टिअरिंगवर बसवते आहे, आणि आज माझ्या लेकीच्या वयाच्या एका नर्सने मला खोकायला शिकवलं. पोटाशी उशी घट्ट धरायची म्हणे, आणि मग खोकायचं. इतकी वर्षं मी उशीशिवायच खोकत होते, अडाणी कुठली.

वर्गात आम्ही पाच-सहा बायका. कोणाची गर्भपिशवी, कोणाचं अंडाशय. माझं अंडाशय. गाठ आहे, कॅन्सरची आहे, आणि दुर्बिणीने निघण्यासारखी नाही, म्हणून मोठे डॉक्टर बेंबीच्या वरपासून थेट खालपर्यंत पोट उघडणार आहेत. हे एकदाच लिहिते. परत परत लिहिणार नाही.

नर्सचं नाव मी 'गजर' ठेवलं, कारण ती सारखी वाजते. "आपण ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच खुर्चीत बसायचं! दुसऱ्या दिवसापासून चालायचं! उपाशी बिलकूल राहायचं नाही!" आपण म्हणजे कोण? ही बसणार आहे का माझ्याबरोबर पोटाला टाके घालून?

ही नवी पद्धत आहे असं तिचं म्हणणं. पूर्वी नाकात नळी घालून, पाणीसुद्धा न देता माणसाला आडवं ठेवायचे. आता लवकर उठवतात, लवकर खायला घालतात, म्हणजे आतडी लवकर जागी होतात, छातीत कफ साचत नाही, पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. बायका माना डोलवत होत्या. माझे शिकाऊ लोकही अशाच माना डोलवतात, आणि पहिल्या वळणावर फुटपाथवर चढतात.

मग दुखण्याचे आकडे. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. चारच्या वर गेलं की लगेच सांगायचं, लपवायचं नाही, कारण दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, चालत नाही, आणि मग बाकीचं सगळं फुकट. पुढच्या रांगेतली एक गोलमटोल बाई म्हणाली, "सिस्टर, मला आत्ताच नऊ आहे." अजून ऑपरेशन व्हायचंय हिचं! तिचं नाव नऊबाई.

एवढ्यात मागून आमच्या नवऱ्याने हात वर केला. घरात वर्षभरात एखादं वाक्य बोलणारा हा माणूस, ज्याला मी मनात 'हँडब्रेक' म्हणते, कारण कायम ओढलेला, जागचा हलायचा नाही. तर हँडब्रेक उभे राहून विचारतात, "एखाद्या माणसाला सांगायची सवयच नसेल तर?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गजर म्हणाली, "मग घरच्यांनी आम्हाला सांगायचं, कसं ओळखायचं ते."

मोठ्या डॉक्टरांनी नंतर खोलीत बोलावून घेतलं. म्हणाले, "ऑपरेशन हे अर्धं काम. उरलेलं अर्धं केमो करणार. ती महिन्याभरात सुरू व्हायलाच हवी, आणि तोवर तुम्ही तुमच्या पायांवर उभ्या पाहिजेत. उशीर झाला तर उरलेल्या पेशींना आपणच मोकळं रान दिल्यासारखं होईल."

मी म्हटलं, "मी उभीच आहे." आणि खरंच उभी होते. खुर्ची दिली होती, मी बसले नव्हते.


१० फेब्रुवारी

गाडी शिकवायची शाळा बंद ठेवली आहे. गाडी खाली उभी आहे, छतावरच्या पाटीवर कापड टाकून. गाडीला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं आहे. हँडब्रेकना बजावायची गरज नव्हती म्हणा. त्यांच्याकडे लायसन्स आहे, दर वेळी मुदत संपली की इमानेइतबारे नवं करून आणतात. कशासाठी, देव जाणे. लग्नाआधी ते माझे विद्यार्थी होते. परीक्षेत दोनदा आपटले, तिसऱ्यांदा परीक्षकाला दया आली. लग्नानंतर एकदाच माझ्या शेजारी बसून गाडी चालवली, आणि घरी येऊन किल्ली खुंटीला लावली ती लावलीच.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटलाही एक ब्रेक असतो. तो माझा. शिकाऊ माणसाच्या लक्षात येण्याआधी माझा उजवा पाय दाबलेला असतो. इतकी वर्षं झाली, आता मी कोणाच्याही गाडीत बसले तरी पाय दाबते, बसमध्येसुद्धा. लेक हसते. हसू दे. त्या पायाने किती जणांचे जीव वाचवलेत हे तिला काय माहीत.

हँडब्रेक हल्ली संध्याकाळी गायब असतात. घामेजून परत येतात. "बस चुकली." आज जेवताना मध्येच विचारलं, "चढावर गाडी थांबवून परत काढताना ती मागे का येते?"

"कारण चालवणारा मूर्ख असतो म्हणून," मी म्हटलं. माझं पोट फाडणार आहेत आणि या गृहस्थांना चढाची चिंता. वयाचा परिणाम असावा.


१५ फेब्रुवारी

उद्या. आजच दाखल करून घेतलं. उद्या सकाळी आत न्यायच्या दोन तास आधी एक गोड पेय प्यायला देणार आहेत. गजर तेही अशा थाटात सांगून गेली की जणू माझा वाढदिवस आहे. पोट साफ करायचं औषध नाही, एनिमा नाही. मला वाटलं होतं निदान तेवढी शिस्त तरी असेल.

लेकीचा फोन आला. "मी येते, आई." मी म्हटलं, "काही गरज नाही, तुझी नोकरी सांभाळ." तिने बाबांना फोन द्यायला सांगितलं. हँडब्रेक बाहेर जाऊन बोलले. काय बोलले ते विचारलं तर म्हणाले, "जेवलीस का, विचारत होती."

माझ्या आईलाही हाच आजार होता. शेवटी शेवटी ती ओरडायची. घरभर ऐकू जायचं. मी स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवायची, मोठा, म्हणजे ऐकू येऊ नये. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्यावर वेळ आली तर माझ्या लेकीला नळ सोडावा लागणार नाही. तिने येऊ नये म्हणते त्यात नोकरीचा काही संबंध नाही. भीती वाटते आहे. लिहिलं. बास.


१७ फेब्रुवारी

काल झालं. गाठ आणि तिच्याबरोबरचं सगळं काढलं. डॉक्टर म्हणाले, जे दिसत होतं ते सगळं निघालं. जे दिसत नाही त्यासाठी केमो.

शुद्धीवर येते न येते तोच गजर हजर. "चला, खुर्चीत बसू या!" पोटात कोणी तरी करवत विसरल्यासारखं वाटत होतं. तिने विचारलं, "किती?"

"दोन," मी म्हटलं.

खुर्चीत बसवलं. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसत होता, त्यावरून एक माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत चढत होता. माजोरडा.

आज सकाळी लघवीची नळी काढली, आणि हातात काय दिलं? च्युइंगम. चघळायचं म्हणे, म्हणजे आतड्यांना वाटतं जेवण येतंय आणि ती कामाला लागतात. माझ्या गाडीत च्युइंगम चघळणाऱ्या पोरांना मी भर रस्त्यात उतरवलेलं आहे. आणि आता मी बसले होते, गाऊन घातलेली, तोंड हलवत, नाक्यावरच्या टवाळासारखी. शेजारच्या खाटेवर नऊबाई. तिचंही कालच झालं. ती रवंथ करत माझ्याकडे बघून हसली. मी तोंड फिरवलं.

"किती?" गजर.

"दोन."

"सिस्टर, मला नऊ!" शेजारून.

गजर धावली तिच्याकडे. इंजेक्शन, उशी, पाठीवर हात. कांगावखोर बाई. आणि ते घेऊन झाल्यावर अर्ध्या तासात ही बया उठून बोळात निघाली चालायला, एखाद्या दुकानाचं उद्घाटन करायला निघाल्यासारखी. नऊ असलेली माणसं चालतात होय?

मीही चालले. दारापर्यंत. मग मला समोरची भिंत नीट बघायची होती म्हणून मी थांबले, आणि परत फिरले.


१८ फेब्रुवारी

तीन गोळ्यांचं एक खेळणं दिलं आहे. नळीतून श्वास ओढला की प्लॅस्टिकच्या गोळ्या वर जातात. आपल्याला तिन्ही वर न्यायच्या आहेत. माझी एक अर्ध्यावर जाऊन पडते. पोट ओढलं जातं ना, म्हणून मी हळूच ओढते. नऊबाईच्या तिन्ही गोळ्या टणाटण वर. ती प्रत्येक वेळी "बघा, बघा" म्हणते. नातवाने पहिलं पाऊल टाकल्यासारखं कौतुक.

सूप आणलं. दोन घोट घेतले, मळमळलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं आहे. वॉर्डात सकाळपासून एकच चर्चा: गॅस गेला का? मोठे डॉक्टर, छोटे डॉक्टर, झाडूवाली बाई, सगळ्यांना तेच पडलं आहे. इतकी शिकलेली माणसं, आणि दारात उभी राहून माझ्या गॅसची वाट बघतात. नऊबाईचा दुपारी गेला. तिने जाहीर केलं. तिच्या सुनेने टाळी दिली.

हँडब्रेक खाटेशेजारी बसून असतात. पेपर उलटा धरलेला असला तरी त्यांना कळत नाही. मी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "काही नाही." बघत होते खाटेच्या पायथ्याकडे. तिथे बघण्यासारखं काय आहे? पांघरूण आणि माझे पाय.

"किती?" संध्याकाळी गजरने विचारलं.

"दोन."

"खरंच ना?"

"मला मोजता येतं."


१९ फेब्रुवारी

ताप आला. खोकला आहे, पण खोकता येत नाही. उशी धरून खोकायचं नाटक करते, नुसता घशातून आवाज काढते.

मोठे डॉक्टर आले, छातीला नळी लावून ऐकलं, आणि चेहरा पाडला. "उजव्या बाजूला खाली हवा जात नाहीये. तुम्ही श्वास वरवर घेताय. चालणंही नाही, खाणंही नाही. असंच राहिलं तर न्यूमोनिया होईल आणि केमो पुढे जाईल. मला ते नकोय."

"तुमच्याच पद्धतीने चाललंय सगळं," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी उठवलंत. मग बरं का वाटत नाही? पद्धतच फसवी आहे."

ते गजरकडे बघून म्हणाले, "पेन स्कोअर?"

"सगळे दोन, सर."

"दोन असून या श्वास का घेत नाहीत?"

गजर हातातले कागद चाळायला लागली. उत्तर माझ्याकडे होतं, पण मी कशाला देऊ? शिकवायचा पगार त्यांना मिळतो. शिवाय लेकीचा फोन येतो रोज, आणि हँडब्रेक तिला जे ऐकतात ते सांगतात. सात-आठ असले आकडे तिच्या कानावर जाणार, आणि ती पहिल्या गाडीने येणार, आणि इथे बसून माझं तोंड बघत राहणार. त्यापेक्षा दोन बरा. छोटा, स्वच्छ आकडा.

ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडले. केमो पुढे जाईल, हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात.


२० फेब्रुवारी

आज एक प्रकार पाहिला आणि संतापाने अंगाचा तिळपापड झाला. दाराच्या काचेतून बाहेर दिसतं. हँडब्रेक बोळात गजरशी बोलत होते. बोलत म्हणजे चक्क बोलत होते, हातवारे करून. मग त्यांनी भिंतीला टेकून उजवा पाय पुढे केला आणि टाच रोवून पंजा दाबून दाखवला. हळू. मग जोरात. गजर लक्ष देऊन बघत होती. मग तिनेही तसाच पाय दाबला, बरोबर का म्हणून विचारल्यासारखा.

त्यांच्या पोटरीत गोळे येतात, ते सांगत असणार. बायको इथे छाती भरून पडली आहे आणि हे आपल्या पोटरीचं रडगाणं गाताहेत. फुकट सल्ला मिळतो ना. ते आत आल्यावर मी काही बोलले नाही. बोलून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी.

नंतर गजर आली आणि माझं पांघरूण पायावरून वर सरकवलं. "पाय जरा उघडेच ठेवा हं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून मोजे घातलेत ना, ते तपासत राहावे लागतात."

"इतके दिवस नाही तपासलेत ते."

"चुकलंच आमचं," ती म्हणाली, आणि मला कूस बदलायला लावली. बदलली. तिने पायांकडे बघितलं. "किती?"

"दोन."

"बरं," म्हणाली, आणि जाऊन सलाइनमध्ये काही तरी घालून आली. "हे डॉक्टरांनी सगळ्यांनाच द्यायला सांगितलंय."

थोड्या वेळाने आपोआप बरं वाटायला लागलं. मनाशी ठरवलं की होतं. मी ठरवलं होतं की आज खोकायचंच, आणि उशी धरून अशी खोकले की नऊबाई दचकून उठून बसली. जे बाहेर पडलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर हवा आत गेली, अगदी खालपर्यंत, थंडगार. मी रडले थोडी. औषधांनी डोळ्यांना पाणी येतं.


२२ फेब्रुवारी

ताप उतरला. दोन गोळ्या वर जातात, तिसरी डुलते. बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आले, तेही सकाळी आणि संध्याकाळी. उकडलेलं अंडं आणि पाव खाल्ला. आणि हो, तोही गेला. मी जाहीर केलं नाही, पण हँडब्रेकनी ऐकलं आणि ते असे हसले की मला वाटलं यांना बक्षीस लागलं.

एक गोष्ट कळत नाही. या गजरला मोज्यांचं फारच वेड आहे. चालायच्या आधी मोजे बघते, चालून आल्यावर मोजे बघते, आणि बघून झालं की दर वेळी "सगळ्यांनाच द्यायचं" औषध घेऊन येते. नऊबाईला मात्र ते देताना दिसली नाही. ढिसाळ कारभार.

मोठे डॉक्टर खूश. "आता लागलीत मार्गाला. काय बदललं?"

"इच्छाशक्ती," मी म्हटलं.

गजर खोकली. उशीशिवाय.

नऊबाई आज घरी गेली. माझ्या आधी! तिची केमो ठरलेल्या तारखेला सुरू होणार. जाताना खाटेशी आली, अर्धं च्युइंगमचं पाकीट माझ्या उशीखाली सरकवलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मला खोटारडी समजता ना? मला दुखायचं ते पाच-सहाच हो. पण मागे एकदा, वेगळ्याच ऑपरेशनला, मी गप्प राहिले होते. फार महागात पडलं. म्हणून आता तीन वाढवून सांगते."

"आणि मी?" हे मी का विचारलं कोण जाणे.

"तुम्ही काय, उलट्या बाजूने तेच," ती म्हणाली, आणि सुनेचा हात धरून डुलत डुलत निघून गेली. मला उत्तर सुचलं तोवर लिफ्टचं दार लागलं होतं. फाजील बाई. खाट रिकामी बघवत नाही.


२५ फेब्रुवारी

आज घरी आले. केमोची तारीख मिळाली, डॉक्टरांनी म्हटलं होतं त्या महिन्याच्या आतलीच. गजरने निरोप देताना घरी काय करायचं ते सगळं परत वाजवून दाखवलं: चाला, खा, जड उचलू नका, गोळ्या वेळेवर, आणि एवढ्यात गाडी चालवायची नाही. "ब्रेक जोरात दाबला की सगळा ताण पोटावर येतो. कोणताही ब्रेक," ती म्हणाली, आणि हँडब्रेककडे बघितलं. मोजे काढून घेतले. त्यांची आता गरज नाही म्हणाली, दिवसभर हिंडतेच आहात. मग एकाएकी वाकून माझ्या गालाला गाल लावला. मला असली सलगी आवडत नाही. मी तिला सांगितलं की तू बरी शिकवतेस, पण आवाज कमी कर.

चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणलं. मी टॅक्सी शोधत होते. समोर माझी गाडी उभी. पाटीवरचं कापड तसंच, धुतलेली, आणि चालकाच्या दारापाशी हँडब्रेक, किल्ली हातात.

"कोणी आणली?"

"मी."

"तुम्ही?"

"शिकलो परत. चौकातल्याकडे."

चौकातला! माझ्यासमोर शाळा काढून बसलेला तो माणूस, जो रिकाम्या मैदानात गोल गोल फिरवून लोकांना पास करतो. माझा नवरा त्याच्याकडे! मी म्हटलं, "घरात शिक्षक असताना?"

त्यांनी मला धरून हळूच सीटवर बसवलं, पट्ट्याखाली उशी घातली, आणि मग म्हणाले, "तुझ्या शेजारी बसून मला ब्रेक कधी दाबायचा ते कळलंच नाही कधी. तू आधीच दाबायचीस."

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. पण त्यांनी गाडी सुरू केली.

सुरुवात ठीक. क्लच जरा उशिरा सोडतात, चौकातल्याची देणगी. पहिल्या वळणाला एक सायकल मध्ये आली आणि माझा पाय गेला ब्रेकवर. पेडल फडक्यासारखं खाली गेलं. काही नाही! "ब्रेक गेले!" मी ओरडले.

गाडी सावकाश थांबली. सायकल गेली.

"माझे आहेत," हँडब्रेक म्हणाले. "तुझा सोडवून घेतलाय मेकॅनिककडून. गजरने... त्या नर्सने सांगितलं ना, ताण येतो म्हणून. जखम भरली की परत जोडून देईल तो."

म्हणजे ते नाव यांनाही माहीत आहे. माझ्या गाडीतला माझा ब्रेक, ज्याने तीस वर्षं या गावातल्या निम्म्या लोकांना जिवंत ठेवलं, तो काढून ठेवला, मला न विचारता. मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. ते ऐकत होते आणि समोर बघून चालवत होते. चढ आला. मी श्वास रोखला. त्यांनी थांबवली, काढली, गाडी तसूभरही मागे आली नाही.

पुलाच्या पुढे रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला पोटातून कळ जायची आणि पाय आपोआप दाबला जायचा, त्या मेलेल्या पेडलवर. काही होणार नाही हे माहीत असूनही. त्यांनी आरशात बघितलं, मग खाली, माझ्या पायाकडे.

"किती?"

"दोन."

पुढचा खड्डा. त्यांनी परत पायाकडे बघितलं. अगदी गजर बघायची तसं. मी म्हणणार होते की मोजे ठीक आहेत. पण मोजे तर हॉस्पिटलातच काढून घेतले होते.

मग मीही माझ्या पायाकडे बघितलं. तो पंजा असा काही रोवला होता की बोटं पांढरी पडली होती.

"सात," मी म्हटलं. आवाज माझ्या आईसारखा निघाला, पण गाडीत नळ नव्हता, आणि हँडब्रेकनी कानही झाकले नाहीत.

त्यांनी गाडी कडेला घेतली. खिशातून गोळी काढली, दाराच्या कप्प्यातून पाण्याची बाटली. सगळं आधीपासून तयार होतं. मी गिळली. रस्ता अरुंद होता, मागे रांग लागली, लोक हॉर्न वाजवायला लागले, एकाने तर खिडकीतून डोकं काढून आमचा उद्धार केला. माझा जन्म गेला रस्ता मोकळा ठेवायला शिकवण्यात. हँडब्रेक हलले नाहीत.

"लोक शिव्या देताहेत," मी म्हटलं.

"देऊ देत. आता किती?"

"सहा."

"मग थांबू."

थांबलो. बाजूला घेताना इंडिकेटर दिला नव्हता, हे मात्र मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं.